खसखस : दाणा खावा, पण तिचे पाणी बाळाला पाजू नये

वर्षावासातल्या एका रविवारी वस्तीतल्या विहारात महिलांची आरोग्य बैठक होती. विषय होता बाळंतिणीचा आहार. बैठक सुरू झाली आणि एका ताईने पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत पांढरीशुभ्र खसखस. मुलगी बाळंत झाली आहे, लाडवात घालायला पाव किलो आणली, दोन दिवसांची विड्यांची मजुरी त्यात गेली, असे ती म्हणाली. मग तिने विचारले, "सिस्टर, एवढी महाग वस्तू, तेवढी ताकद असते का हो हिच्यात?"

तिच्या शेजारी बसलेल्या आज्जींचा प्रश्न वेगळा होता. "ही अफूच्या झाडाची म्हणतात. आपण पंचशील घेतो. मग ही खाल्ली तर पाचवं शील मोडतं का?" त्यावर कोणीतरी म्हणाले, "मग परवाच्या लग्नातला रस्सा खाऊन अख्खा मांडवच नशेत होता म्हणायचा!" आणि बैठकीत हास्याची खसखस पिकली.

हसणे ओसरल्यावर मागच्या रांगेतली एक तरुण आई हळूच म्हणाली, "माझं लेकरू रात्रभर रडतंय. शेजारच्या मावशी म्हणतात, खसखस भिजवून तिचं पाणी चमचाभर पाज, गप झोपतंय. पाजू का?" दोन-तीन वयस्क बायांनी 'पाज की, काही होत नाही' अशा अर्थाने मान डोलावली. आम्हाला मात्र हसू आले नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी आम्ही जमेल तशी दिली. तीच आज सविस्तर लिहीत आहोत.

खसखस म्हणजे नेमके काय?

आज्जींचे म्हणणे खरे आहे. खसखस हे अफूच्या झाडाचे बी. हे झाड कंबरेएवढे किंवा थोडे अधिक वाढते. पांढरी किंवा जांभळट फुले येतात आणि पाकळ्या गळाल्या की मागे लिंबाएवढे हिरवे बोंड उरते. हिरव्या बोंडाला बारीक चिरा दिल्या की त्यातून पांढरा चीक येतो. रात्रभरात तो सुकून तपकिरी होतो, सकाळी तो खरवडून घेतात. ती अफू. तिच्यात मॉर्फीन आणि कोडीन ही द्रव्ये असतात. मॉर्फीन मोठ्या ऑपरेशननंतर आणि कॅन्सरच्या रुग्णाला वेदना थांबवण्यासाठी डॉक्टर मोजून देतात. कोडीन काही खोकल्याच्या औषधांत असते.

बोंड पूर्ण वाळले की आत हजारो बारीक दाणे सुटे होतात. बोंड फोडून ते पाखडून घेतात. ती खसखस. म्हणजे चीक असतो बोंडाच्या सालीत. दाण्याच्या आत तो नसतो. कायद्यानेही हा फरक केलेला आहे. अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या कायद्यात अफूच्या झाडाचा वाळलेला पाला-बोंडाचा भुसा बंदीखाली येतो, पण त्यातून बी स्पष्टपणे वगळले आहे. म्हणून खसखस किराणा दुकानात उघडपणे मिळते आणि अफू मिळत नाही.

आपल्याकडे येणारी देशी खसखस मुख्यतः मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच आणि राजस्थानातल्या चित्तोडगड-प्रतापगड भागातून येते. तिथे केंद्र सरकारच्या परवान्याने ठरावीक क्षेत्रात हे पीक घेतात. उत्तर प्रदेशातही काही परवाने आहेत. देशातले पीक पुरत नाही म्हणून तुर्कस्तानसारख्या देशांतूनही खसखस येते. महाराष्ट्रात या पिकाला परवाना नाही. पुडीतले चार दाणे परसात टाकून शोभेची फुले आणू, असा विचारही कोणी करू नये. विनापरवाना अफू लावणे हा गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणखी एक गोंधळ दूर करू. खसखस वेगळी आणि खस वेगळा. उन्हाळ्यात मिळणारे हिरवे खस सरबत आणि कूलरच्या जाळीतला सुगंधी वाळा हे एका गवताचे मूळ आहे. त्याचा या दाण्याशी काही संबंध नाही.

सोलापूरच्या चुलीवरची खसखस

आपले सोलापूर तीन भाषांचे गाव. मराठी घरात ती खसखस, कन्नड घरात गसगसे आणि तेलुगू घरात गसगसालु. मधल्या मारुतीजवळच्या किराणा दुकानात तिन्ही नावांनी मागितली तरी दुकानदार एकाच डब्यात हात घालतो.

तिचा सर्वांत जास्त उपयोग मसाल्यात. उन्हाळ्यात वर्षभराचा काळा मसाला करतात तेव्हा मिरची, धने, जिरे, सुके खोबरे, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरे यांच्याबरोबर खसखसही भाजून डंकावर जाते. तिथे तिचे काम तिखटाला गोलाई आणायचे आणि रश्श्याला दाटपणा द्यायचे. ताज्या वाटणातही ती असते. भाजलेला कांदा, खोबरे, आले-लसूण आणि चमचा-दोन चमचे खसखस पाट्यावर बारीक वाटली की मटणाचे, अंड्याचे किंवा वांग्याचे कालवण मिळून येते, पाणी वेगळे राहत नाही.

गोडात तिची जागा ठरलेली. करंजीच्या सारणात खोबऱ्याबरोबर ती भाजून घालतात. अनारसा खसखशीवरच थापतात. तळताना ती वरची बाजू ठेवून तळतात, म्हणजे दाणे गळून करपत नाहीत. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत गसगसे पायस करतात. खसखस आणि थोडे तांदूळ भाजून, खोबऱ्याबरोबर वाटून, गुळात शिजवलेली ती पातळ खीर असते. आणि आपल्या भागाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खसखशीशिवाय पुरी होत नाही.

हे सगळे खरे असले तरी आमच्या आज्ज्यांच्या घरात खसखशीचा डबा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या कालवणाला दाटपणा यायचा तो येसूराने, शेंगांच्या कुटाने, कारळ्याने किंवा मूठभर भाजलेल्या ज्वारीच्या पिठाने. खसखस यायची ती लग्नात किंवा पहिल्या बाळंतपणात, तीही पुडीभर. म्हणूनच तिच्याभोवती 'श्रीमंतांचे, ताकदीचे खाणे' असे वलय तयार झाले. आज पुडी परवडते म्हणून आनंद जरूर वाटावा. पण शेंगाचटणी आणि कारळ्याची चटणी हे गरिबीचे खाणे म्हणून ताटातून काढून टाकले, तर नुकसान आपलेच.

ताकद किती? हिशेब करून पाहू

पहिल्या ताईच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतो.

१०० ग्रॅम खसखशीत साधारण १८ ग्रॅम प्रथिने, ४० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, भरपूर चोथा आणि सुमारे १,४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. लोह, जस्त, मॅग्नेशियमही चांगले असते. १०० मिलिलिटर दुधात कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम असते. म्हणून लोक म्हणतात, खसखशीत दुधाच्या दहापट कॅल्शियम. आकडा चुकीचा नाही, पण फसवा आहे. कारण दूध आपण कपाने पितो आणि खसखस चमच्याने खातो.

चहाचा एक चमचा खसखस म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. त्यात कॅल्शियम आले ४० मिलिग्रॅमच्या आसपास. आता त्या ताईचे लाडू घ्या. १०० ग्रॅम खसखस घालून ३० लाडू केले, तर एका लाडवात खसखशीमुळे ४५-५० मिलिग्रॅम कॅल्शियम पडले. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला लागते १,२०० मिलिग्रॅम. शिवाय खसखशीत ऑक्झलेट आणि फायटेट ही द्रव्ये असतात, ती कॅल्शियम-लोहाचा काही भाग शरीरात शोषू देत नाहीत. भिजवून, भाजून वापरली तर फायटेट थोडे कमी होते.

याउलट, न सोललेल्या तिळात कॅल्शियम जवळपास खसखशीएवढेच असते आणि तीळ कितीतरी स्वस्त. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी पोटभर खाता येते, खसखस खाता येत नाही. शेवग्याचा पाला तर दारातल्या झाडावरच असतो, त्याला पैसेही पडत नाहीत. प्रथिनांसाठी शेंगदाणे, डाळी, हुलगे, अंडी आणि खाणाऱ्यांना मटण-मासे आहेत.

म्हणून आमचे सांगणे असे. लाडवात खसखस घालायची असेल तर चवीपुरती दोन-चार चमचे घाला. उरलेल्या पैशांत तीळ, शेंगदाणे, हळीव, खारीक आणि गूळ आणा. आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लाडू आहेत म्हणून बंद करू नका. बाळंतपणानंतरही त्या सहा महिने घ्यायच्या असतात. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नका. लोहाची गोळी वेगळ्या वेळेला घ्या आणि तिच्या मागेपुढे तासभर चहा नको.

दाणा, बोंड आणि धुतलेले पाणी

आता आज्जींचा प्रश्न. खसखस खाऊन नशा येते का? स्वयंपाकात वापरतो तेवढ्या प्रमाणात येत नाही. रश्श्याने किंवा करंजीने शील मोडत नाही, हे आम्ही त्यांना तिथेच सांगितले. पण त्यांची शंका अगदी खुळी नव्हती.

दाण्याच्या आत चीक नसला तरी बोंड फोडताना सालीचा भुसा आणि सुकलेल्या चिकाचे कण दाण्याला चिकटतात. कोणत्या पुडीत ते किती आहेत हे डोळ्यांनी कळत नाही. एका पोत्यात नगण्य, दुसऱ्यात बरेच, असे होऊ शकते. हे कण पाण्यात उतरतात. म्हणून खसखस वापरण्यापूर्वी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावी, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी, ते पाणी फेकून द्यावे आणि मग भाजून वाटावी. धुणे, वाटणे आणि भाजणे-शिजवणे यांमुळे त्या द्रव्यांचा बराचसा भाग जातो.

मागच्या रांगेतल्या आईच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. दाण्यावरचे घातक ते पाण्यात उतरते, म्हणून जे पाणी मोठ्या माणसांच्या जेवणातून आपण फेकून द्यायचे, नेमके तेच पाणी 'झोपेसाठी' म्हणून तान्ह्या बाळाच्या तोंडात घातले जाते.

हे भय कल्पनेतले नाही. जर्मनीत २००५ च्या सुमारास एका आईने असेच केले. खसखस दुधात घालून, ते दूध गाळून तिने सहा आठवड्यांच्या बाळाला झोप लागावी म्हणून पाजले. बाळाचा श्वास मंदावला, त्याला दवाखान्यात न्यावे लागले. त्यानंतर त्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने पालकांना जाहीर इशारा दिला. अमेरिकेत न धुतलेल्या खसखशीचे पाणी चहासारखे पिऊन मोठी, धडधाकट माणसेही दगावली आहेत. मग तीन-चार किलोच्या जिवाचे काय?

बोंडाचे तर विचारूच नका. वाळलेली बोंडे उकळून ते पाणी जुलाबावर, खोकल्यावर, झोपेवर देण्याची चाल जुनी आहे. बोंडाच्या पाण्यात औषधी अफूच असते, पण ती किती आहे हे कोणीच मोजलेले नसते.

वॉर्डातली एक रात्र

आम्ही नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला एक बाई दोन महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळ निपचित. चिमटा काढला तरी रडेना. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, श्वास मोजला तर मिनिटाला दहा-बाराच. या वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ३०-४० ते ६० पर्यंत असतो. काय दिले, असे विचारले तर आई म्हणाली, "काही नाही, खसखशीचं पाणी." नंतर कळले, दारावर आलेल्या एका झाडपालेवाल्याकडून घेतलेली बोंडे तिने उकळली होती. डॉक्टरांनी उतारा म्हणून इंजेक्शन दिले, श्वासाला आधार दिला, दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसावे लागले. बाळ वाचले.

पण आजही आम्हाला टोचते ते वेगळेच. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी त्या बाईला फार बोल लावले. 'आई आहेस की कोण' इथपर्यंत. तिसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, हजार विड्या वळल्या तर मजुरी. ते मांडीवर रडत असलं तर तीनशेसुद्धा होत नाहीत. घरात दुसरं कोणी नाही." बाळ झोपेल तेवढाच वेळ तिला मजुरी होती. आम्ही तिला अज्ञानी समजत होतो. तिच्याकडे अज्ञान थोडे होते, अडचण फार मोठी होती. दवाखान्याची नोकरी सोडून वस्तीत काम करावे असे वाटू लागले, त्याला ही रात्रही कारण आहे.

ही अडचण नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन कामावर जात. तिला 'बाळागोळी' म्हणत. १९२२ मध्ये मुंबईत कामगार बायांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना बहुतेक सगळ्याच बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले होते. मजुरांची स्थिती तपासणाऱ्या शाही आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही या प्रथेची दखल आहे. बाळंतपणाची रजा नाही, पाळणाघर नाही, घरी थांबले तर पगार नाही. मग झोपलेले बाळ हाच एक उपाय उरत होता. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. आज मोठ्या आस्थापनांत काम करणाऱ्या बाईला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण घरखेप विडी वळणारी, धुणीभांडी करणारी, यंत्रमागावर कांडी भरणारी बाई यांच्या हातात अशी रजा क्वचितच पडते. अंगणवाडीत मूल बसते तिसऱ्या वर्षापासून. त्याआधीचे काय? केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिन्यांवरील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आहे. आपल्या वस्तीत ते का नाही, हा प्रश्न नगरसेवकाला आणि बालविकास कार्यालयाला आपण सगळ्यांनी मिळून विचारायला हवा. नुसते 'अफू देऊ नका' म्हणून भागणार नाही.

बाळ रडते, तर मग करायचे काय?

पहिले काही महिने बाळ दर दोन-तीन तासांनी जागे होते. त्याचे पोट लहान असते, दूध लवकर पचते. रात्री जागणे हा आजार नाही. रडण्याची कारणे एकेक करून पाहा. भूक लागली का? लंगोट ओला आहे का? ढेकर काढली का? सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ते उकाड्याने तर रडत नाही ना? अंग गरम आहे का, कान दुखतो का? तंबाखूची सुपली असते त्या खोलीत बाळाला झोपवू नका, त्या धुळीनेही ते कासावीस होते.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध. पाणी नको, मध नको, गुटी नको. जायफळ उगाळून 'झोपेसाठी' चाटवतात, तेही नको. त्याचीही मात्रा मोजता येत नाही. अंगावरचे दूध पुरत नाही असे वाटत असेल तर आशाताईला किंवा दवाखान्यात दाखवा. बहुतेक वेळा पाजण्याची पद्धत सुधारली की दूध पुरते.

कोणी काही पाजले आणि बाळ जास्तच गुंगीत आहे, दूध ओढत नाही, अंग सैल पडले आहे, श्वास मंद किंवा थांबून-थांबून चालला आहे, ओठ निळे पडले आहेत, बाहुल्या अगदी बारीक झाल्या आहेत, यांतले एकही दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जवळचा मोठा दवाखाना किंवा सिव्हिल गाठा. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, तोंडात दूध-पाणी घालू नका. जे पाजले त्याची पुडी किंवा उरलेले पाणी बरोबर न्या. आणि डॉक्टरांना खरे सांगा. रागावतील म्हणून लपवू नका, कारण उतारा कोणता द्यायचा ते त्यावरच ठरते.

खसखस घेताना आणि खाताना

पाकिटावर नाव-तारीख नसलेली, धुळकट किंवा बोंडाचे तुकडे दिसणारी खसखस घेऊ नका. महाग असल्याने तिच्यात राजगिरा मिसळतात. चिमूटभर तळहातावर घेऊन नीट पाहा. राजगिऱ्याचा दाणा गोल, चपटा आणि चमकदार असतो. खसखशीचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा, मंद रंगाचा आणि जाळीदार असतो.

तिच्यात तेल बरेच असते म्हणून ती लवकर खवट होते. एका वेळी ५० ग्रॅमच घ्या, हवाबंद डब्यात ठेवा. कडवट वास आला तर टाकून द्या.

गरोदर आणि पाजत्या बाईने स्वयंपाकातली चमचा-दोन चमचे धुतलेली, शिजवलेली खसखस खायला हरकत नाही. पण वाटीभर खसखशीची खीर रोज, झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी खसखशीचा काढा, हे करू नये. झोपेच्या गोळ्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही नाही. मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारून खावी. तीळ खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत असेल तर खसखशीबद्दलही सावध राहावे. पहिल्यांदा खाऊन ओठ सुजले किंवा दम लागला तर लगेच दवाखाना.

कामासाठी आखातात जाणाऱ्यांच्या घरच्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. दुबई, सौदी आणि सिंगापूर या ठिकाणी खसखस नेण्याला बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. मसाल्याच्या पुडीत किंवा लाडवात ती सापडली तरी मुलाला अटक होऊ शकते. त्याच्या पिशवीत तिळाचा लाडू घाला, खसखशीचा नको. नोकरीसाठी लघवीची नशाचाचणी असेल तर आधीचे दोन-तीन दिवस खसखस खाऊ नये. थोड्याशा खसखशीनेही चाचणी चुकून 'नशा आहे' असे दाखवू शकते.

हुग्गी : पाच माणसांची

एक वाटी खपली गहू रात्री भिजवा. सकाळी थोडा कुटून कोंडा पाखडून टाका आणि कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या देऊन मऊ शिजवा. त्यात पाऊण वाटी गूळ आणि दोन चमचे किसलेले सुके खोबरे घालून मंद आचेवर ढवळा. दोन चमचे खसखस धुऊन, भिजवून, पाणी फेकून, कोरडी करून तव्यावर गुलाबी होईपर्यंत भाजा आणि भरड वाटून त्यात घाला. एक चमचा भाजलेले तीळ, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा बडीशेप. उतरवताना एक वाटी दूध. बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि शाळेतून आलेल्या पोरांना पोटभर देता येते.

त्या बैठकीतली तरुण आई परत आली ती पुढच्या रविवारी. बाळ अजून रात्री जागतेच, पण शेजारच्या दोन मावश्यांनी दुपारी तासभर बाळाला सांभाळायचे कबूल केले आहे. ज्या मावशीने पाणी पाजायला सांगितले होते, त्यातली एक त्याच. त्यांना आम्ही खलनायिका समजत नाही. त्यांच्या आईने त्यांना सांगितले, तेच त्यांनी पुढे सांगितले. आता त्या दुसरे सांगतील. तुम्हीही आपल्या गल्लीत एवढे सांगा : खसखस चमचाभर रश्श्यात घाला, लाडवात घाला. पण तिचे पाणी मोरीत ओता, बाळाच्या तोंडात नको.